रोजच्या परेडवर हक्क कोणाचा?

थीम पार्क म्हणजे एखाद्या कल्पनासूत्राभोवती, बहुधा चित्रपटांतल्या किंवा परीकथांतल्या पात्रांभोवती, रचलेले मनोरंजन उद्यान. आणि परेड म्हणजे अशा उद्यानाच्या मुख्य रस्त्यावरून रोज ठरलेल्या वेळी संगीताच्या तालावर जाणारी चित्ररथांची, नर्तकांची आणि वेशधारी पात्रांची मिरवणूक. या परेडमधला एखादा चित्ररथ काढणार आहेत, नवे पात्र येणार आहे, संगीत बदलणार आहे किंवा दिवसाच्या दोन फेऱ्यांपैकी एक बंद होणार आहे, अशी नुसती कुणकुण लागली तरी उद्यानाच्या चाहत्यांमध्ये आठवडेच्या आठवडे वाद चालतो. प्रौढ माणसांनी परीकथेतल्या पात्रांच्या क्रमावरून भांडावे हे अनेकांना पोरकट वाटते. परंतु हा वाद पोरकट ठरवून बाजूला सारण्यात एक महत्त्वाचा प्रश्न निसटतो: जी गोष्ट एका खासगी कंपनीच्या मालकीची आहे, पण लाखो लोकांच्या कौटुंबिक आठवणींचा भाग बनली आहे, तिच्यात बदल करताना त्या लोकांच्या म्हणण्याला काही वजन असावे की नाही? ते असावे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. मात्र चाहत्यांनी ते वजन योग्य जागी टाकायला हवे, हेही त्याबरोबरच सांगितले पाहिजे. कारण परेडमध्ये कोणते पात्र असावे हा प्रश्न दुय्यम असून, परेड सर्वांना एकत्र, सारखी आणि माणसांकडून पाहायला मिळते की नाही हा प्रश्न मुख्य आहे.

मिरवणूक ही थीम पार्कने शोधून काढलेली गोष्ट नाही. अमेरिकी अभ्यासक सुसान डेव्हिस यांनी एकोणिसाव्या शतकातल्या फिलाडेल्फिया शहरातील मिरवणुकांवर १९८६ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात दाखवले आहे की, त्या काळी लष्करी तुकड्या, कारागिरांच्या संघटना, दारूबंदीचे पुरस्कर्ते आणि गरीब वस्त्यांतले तरुण हे सगळेच रस्त्यावर उतरून शहराला आपले अस्तित्व दाखवून देत असत, आणि कोणी कोठून, कोणत्या क्रमाने जायचे यावरून प्रत्यक्ष सत्तासंघर्ष होत असे. म्हणजे मिरवणुकीचा क्रम हा मुळातच वादाचा विषय होता, कारण त्या क्रमात समाजातल्या स्थानांचे चित्र उमटत होते. कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले, तेव्हा त्याच्या प्रवेशद्वाराशी वॉल्ट डिस्ने यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकी गावातल्या बाजाररस्त्याची प्रतिकृती उभी केली, तिला मेन स्ट्रीट असे नाव दिले आणि उद्घाटनाच्याच दिवशी, दूरचित्रवाणीवरून थेट प्रक्षेपण चालू असताना, त्या रस्त्यावरून मिरवणूक नेली. गावाच्या रस्त्याबरोबर गावाची मिरवणूकही अशा रीतीने उद्यानात आली. फरक एवढाच झाला की गावात वर्षातून एकदा-दोनदा येणारा प्रसंग इथे पुढे रोजचा झाला आणि मिरवणुकीत चालण्याचा हक्क गावकऱ्यांकडून पगारी कलाकारांकडे गेला.

हा फरक लहान नाही. गावच्या मिरवणुकीत पाहणारा आणि चालणारा यांच्यातली रेषा पुसट असते, कारण आज कडेला उभा असलेला माणूस पुढच्या वर्षी पताका घेऊन चालू शकतो; थीम पार्कमध्ये मात्र ती रेषा रस्त्याच्या कडेला बांधलेल्या दोरीइतकी स्पष्ट असते. प्रेक्षकाला चालण्याचा हक्क उरत नाही, क्रम ठरवण्याचा उरत नाही, मार्ग ठरवण्याचाही उरत नाही. त्याच्याकडे उरते ती केवळ पाहण्याची, लक्षात ठेवण्याची आणि त्याविषयी बोलण्याची मुभा. चाहत्यांच्या चर्चेला एवढी धार का येते, याचे निम्मे उत्तर इथे आहे: जिथे सहभागाचे बाकी सगळे मार्ग बंद झालेले असतात, तिथे बोलणे हाच सहभाग होऊन बसतो.

परेड प्रत्यक्ष कशी चालते हे जवळून पाहिल्याशिवाय बदलाचा अर्थ कळत नाही. फ्लोरिडातील मॅजिक किंगडम या उद्यानात ९ मार्च २०१४ पासून सुरू झालेली ‘फेस्टिव्हल ऑफ फँटसी’ ही दुपारची परेड उदाहरणादाखल घेता येईल. ती उद्यानाच्या पश्चिमेकडील फ्रंटियरलँड विभागातून निघते, लिबर्टी स्क्वेअरमधून येऊन राजवाड्यासमोरच्या चौकाला वळसा घालते आणि मेन स्ट्रीटवरून प्रवेशद्वाराकडे जाते. एका जागी उभे राहून पाहणाऱ्याला ती सुमारे बारा मिनिटे दिसते. राजकन्यांचा बगिचा, रपुंझेलचे जहाज, समुद्रातली एरिअल, पीटर पॅन, स्कॉटलंडची मेरिडा, निद्रिस्त राजकन्येच्या कथेतला ड्रॅगन आणि शेवटी मिकी असा तिचा प्रवास आहे. त्यातला ड्रॅगन सुमारे २६ फूट उंच, चाकांचे आणि दात्यांचे सांगाडे उघडे ठेवून घडवलेला, तोंडातून खऱ्या ज्वाळा सोडणारा असा आहे; मे २०१८ मध्ये परेड चालू असतानाच त्याच्या डोक्याला आग लागली होती आणि सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. परेडच्या बऱ्याच आधीपासून रस्त्याच्या कडेला लोक बसू लागतात, कर्मचारी रस्ता ओलांडण्याच्या जागा आखून देतात, बाबागाड्या मागे सरकवल्या जातात, लहान मुले पुढे कडेला येतात आणि उंच माणसे मागे राहतात. हे सगळे बहुतांशी न सांगता, परक्यांनी परक्यांशी जुळवून घेत घडते, आणि ज्या उद्यानात दिवसाचा मोठा भाग रांगेत पुढच्याच्या पाठीकडे पाहण्यात जातो, तिथे माणसे एकमेकांसमोर तोंड करून बसतात असा प्रसंग परेडखेरीज क्वचितच येतो.

परेडच्या रचनेचा दुसरा पैलू कानाशी संबंधित आहे आणि तो समजायला ‘मेन स्ट्रीट इलेक्ट्रिकल परेड’कडे जावे लागते. जून १९७२ मध्ये डिस्नेलँडमध्ये सुरू झालेली ही रात्रीची परेड म्हणजे हजारो लहान रंगीत दिव्यांनी मढवलेले चित्ररथ. तिच्यासाठी गर्शन किंग्जली आणि जाँ-जाक पेरे यांनी १९६७ मध्ये सिंथेसायझरवर, म्हणजे विजेच्या साहाय्याने स्वरनिर्मिती करणाऱ्या वाद्यावर, रचलेली ‘बरोक होडाउन’ ही धून घेतली गेली. पुढे या परेडसाठी मार्गाचे ७० ते १०० फुटांचे टप्पे पाडण्यात आले आणि चित्ररथ एखाद्या टप्प्यात शिरला की रेडिओ संकेताने त्या टप्प्यातल्या ध्वनिक्षेपकांतून त्याच चित्ररथाचे संगीत सुरू व्हावे, आधीचे हळूहळू विरत जावे, अशी व्यवस्था बसवली गेली. सर्व चित्ररथांची गीते एकाच मूळ धुनेच्या लयीत बांधलेली असल्यामुळे एक संपून दुसरे सुरू होताना कानाला खडा लागत नाही. याचा परिणाम असा की रस्त्याच्या आरंभी बसलेल्या मुलाला आणि अगदी शेवटी उभ्या असलेल्या आजीला तीच परेड, त्याच क्रमाने आणि तितकीच पूर्ण मिळते. तांत्रिक दृष्ट्या ही ध्वनियोजना असली तरी तिच्यामागचे तत्त्व समतेचे आहे: जागा कोणतीही असो, अनुभव अपुरा राहता कामा नये. आणि म्हणूनच एखादा चित्ररथ काढणे वा घुसवणे हे सामान इकडचे तिकडे करण्याइतके सोपे नसते. लय, अंतर, कथाक्रम या सगळ्यांची पुन्हा जुळणी करावी लागते.

हे तत्त्व मोडले की काय होते याचा धडा १९९६ आणि १९९७ या दोन वर्षांत मिळाला. १९९६ साली डिस्नेलँडने इलेक्ट्रिकल परेडला कायमचा निरोप देण्याची मोठी जाहिरातमोहीम चालवली, निरोपाची तारीख लांबवत ती नोव्हेंबरपर्यंत नेली आणि परेडमधले दिवे स्मरणवस्तू म्हणून विकले. तिच्या जागी मे १९९७ मध्ये ‘लाइट मॅजिक’ हा नवा कार्यक्रम आला. त्यात प्रकाशवाहक तंतूंचे नवे तंत्र होते, पऱ्या होत्या, आयरिश नृत्याच्या ठेक्यावर बांधलेले संगीत होते. पण चित्ररथ सलग पुढे जाण्याऐवजी रंगमंचासारखे ठरावीक जागी थांबून तिथेच सादरीकरण करत असत. वार्षिक पासधारकांसाठी, म्हणजे वर्षभराच्या प्रवेशाचे पैसे एकदम भरून वारंवार येणाऱ्या निष्ठावंत प्रेक्षकांसाठी, ठेवलेल्या पूर्वप्रयोगातच तांत्रिक अडचणी आल्या, नाराजी उघड झाली आणि तो कार्यक्रम त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बंद पडला. या घटनेचा अर्थ बहुधा असा लावला जातो की चाहत्यांना जुन्याची सवय असते आणि नवे काहीही त्यांना पचत नाही. हा अर्थ अर्धवट आहे. त्याच चाहतावर्गाने २०१५ मध्ये डिस्नेलँडच्या साठाव्या वर्षी आलेली ‘पेंट द नाइट’ ही नवी प्रकाशपरेड आनंदाने स्वीकारली. म्हणजे नवेपणाला त्यांचा विरोध नव्हता. लाइट मॅजिकमध्ये बदलला होता तो परेडचा साचा: सर्वांसमोरून सारखी जाणारी गोष्ट थांबून राहू लागली आणि चांगली जागा मिळालेला व न मिळालेला असा भेद प्रेक्षकांत पडला.

या प्रकरणाला पुढे जे वळण लागले ते विश्वासाच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. ‘कायमचा’ निरोप घेतलेली इलेक्ट्रिकल परेड १९९९ मध्ये फ्लोरिडात अवतरली, २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच शेजारच्या उद्यानात आली, २०१० ते २०१६ पुन्हा फ्लोरिडात होती आणि त्यानंतर २०१७, २०१९ व २०२२ मध्ये मर्यादित काळापुरती डिस्नेलँडला परतली. ती परतली याचा आनंद चाहत्यांना झाला हे खरे. पण आधी वियोग विकायचा आणि मग पुनर्भेट विकायची, ही पद्धत रूढ झाली की प्रत्येक घोषणेकडे संशयाने पाहिले जाते. परेडमध्ये बदल होणार असल्याच्या साध्या बातमीवरही चाहते तर्कांचे डोंगर रचतात, कर्मचाऱ्यांच्या बोलण्यातून, सरावाच्या वेळा बदलल्यावरून निष्कर्ष काढतात, याची मुळे त्यांच्या उतावीळपणापेक्षा या अविश्वासात अधिक खोल गेलेली आहेत. जिथे निर्णयाची कारणे सांगितली जात नाहीत, तिथे अफवा हीच माहिती ठरते. आठवणींचा व्यापार करणाऱ्या संस्थेवर त्या आठवणींशी प्रामाणिक राहण्याची नैतिक जबाबदारी येते, आणि निरोप म्हणजे निरोप, विश्रांती म्हणजे विश्रांती असे स्पष्ट सांगणे ही तिची किमान अट आहे.

चाहत्यांच्या बोलण्याला सैद्धांतिक आधार द्यायचा तर अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांच्या १९७० मधील विवेचनाकडे वळता येते. एखाद्या संस्थेचा दर्जा घसरू लागला की तिच्याशी बांधलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात, असे ते मांडतात: एक म्हणजे मुकाट्याने बाहेर पडणे आणि दुसरी म्हणजे आवाज उठवणे, यांतली कोणती वाट धरली जाईल हे बरेचसे निष्ठेवर अवलंबून असते, कारण निष्ठावान माणूस सहजासहजी सोडून जात नाही, तो आधी बोलून पाहतो. बाजाराच्या भाषेत गिऱ्हाईक निघून गेले की संस्थेला केवळ विक्री घटल्याचा आकडा दिसतो, ती का घटली हे कळत नाही. तक्रार करणारा मात्र कारणही सांगतो. या दृष्टीने परेडवरून भांडणारा चाहता हा संस्थेला मिळणारा सर्वांत तपशीलवार साक्षीदार आहे. कोणत्या वर्षी एखाद्या तुकडीत किती नर्तक होते, कोणत्या चित्ररथाचा कोणता भाग बंद पडून तसाच राहिला, कोणत्या गीताचे कडवे कापले गेले याची नोंद त्याच्याकडे असते, आणि अशी नोंद ठेवणारा माणूस त्रासदायक वाटला तरी दर्जाचा तो एक विनावेतन पहारेकरी असतो.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. चाहते मूठभर असतात. उद्यानात रोज येणाऱ्यांत अशी असंख्य कुटुंबे असतात जी वर्षानुवर्षे पैसे साठवून एकदाच येतात, आणि त्यांच्या मुलांना कोणती परेड पूर्वी कशी होती याच्याशी काही देणेघेणे नसते. मग दर महिन्याला येणाऱ्याच्या आठवणीसाठी एकदाच येणाऱ्या मुलाची आवड का डावलावी? हा आक्षेप पात्रांच्या निवडीपुरता मान्य करायलाच हवा. २०१४ मध्ये रचलेल्या परेडमध्ये त्यानंतर आलेल्या मोआना किंवा एन्कांटो या चित्रपटांतल्या पात्रांना जागा हवी असे आजच्या मुलाला वाटणे स्वाभाविक आहे. विविध वंशांची आणि देशांची मुले प्रेक्षकांत असताना परेडमध्ये फक्त युरोपीय परीकथांतल्या राजकन्याच दिसाव्यात असा आग्रह धरण्यात न्याय नाही. २०२२ मध्ये इलेक्ट्रिकल परेड पन्नास वर्षांची झाली तेव्हा अमेरिकी ध्वजाचा जुना समारोप बदलून, चित्रकार मेरी ब्लेअर यांच्या शैलीपासून प्रेरणा घेतलेला, अनेक देशांच्या कथांतली पात्रे एकत्र आणणारा नवा समारोप जोडण्यात आला. काही चाहत्यांना ध्वजाची जागा गेल्याचे वाईट वाटले आणि ती भावना खरी होती. तरीही परेडची लय, चाल आणि सर्वांसाठी सारखे असण्याचा गुण कायम ठेवून तिचा आशय रुंद करणारा हा बदल चांगल्या बदलाचा नमुना ठरतो.

परंपरेच्या नावाने बदलाला विरोध करणाऱ्यांनी एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी संपादित केलेल्या १९८३ च्या ग्रंथातला मुद्दा विसरता कामा नये: ज्या रूढी अतिप्राचीन वाटतात त्यांतल्या कित्येक अलीकडच्या काळात हेतुपुरस्सर घडवलेल्या असतात. डिस्नेलँडचा मेन स्ट्रीट हाच मुळी आठवणीतून घडवलेला भूतकाळ आहे आणि इलेक्ट्रिकल परेडलाही १९७५-७६ मध्ये अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या परेडसाठी जागा सोडावी लागली होती. तेव्हा अमुक चित्ररथ ‘पहिल्यापासून’ आहे या युक्तिवादात दम नाही. पण घडवलेली परंपरा खोटीच असते असा उलटा निष्कर्षही चुकीचा आहे. फ्रेंच विचारवंत जाँ बोद्रियार यांनी १९८१ मध्ये डिस्नेलँडचा दाखला देऊन असे म्हटले की, ते काल्पनिक म्हणून दाखवले जाते ते बाहेरचे जग खरे आहे असे आपल्याला वाटावे म्हणून. या मांडणीत तीक्ष्णता आहे, मात्र रस्त्याच्या कडेला बसलेली माणसे आणि रस्त्यावरून नाचत जाणारी माणसे तिच्यातून गळून पडतात. ड्रॅगन बनावट आहे, राजवाडा बनावट आहे. पण ऊन खरे आहे, घाम खरा आहे, वाट पाहणे खरे आहे आणि हजार अनोळखी लोकांनी एकाच क्षणी एका दिशेला पाहणेही खरे आहे.

आशय बदलण्याला हरकत नसेल तर हरकत नेमकी कशाला घ्यायची, हे साथीच्या काळात झालेल्या एका बदलाने स्पष्ट केले. करोनामुळे मार्च २०२० मध्ये उद्याने बंद झाली. मॅजिक किंगडम त्याच वर्षी ११ जुलैला पुन्हा उघडले तेव्हा गर्दी जमू नये म्हणून मोठी परेड थांबवून कॅव्हलकेड सुरू करण्यात आले. कॅव्हलकेड म्हणजे एक-दोन चित्ररथ आणि मोजकी पात्रे यांची छोटी फेरी, जिची वेळ आधी जाहीर केली जात नसे. अनेक चाहत्यांना हा प्रकार आवडला, आणि त्यांची कारणे विचारात घेण्याजोगी होती: तासभर उन्हात बसावे लागत नव्हते, रस्ते अडत नव्हते, चालता चालता अचानक पात्र भेटल्याचा आनंद मिळत होता आणि दिवसातून अनेकदा मिळत होता. म्हणून हीच व्यवस्था कायम करावी असे मत पुढे आले. साथीत ती उत्तम तोड होती यात शंका नाही. परंतु ती परेडची जागा घेऊ शकत नाही. जिची वेळ ठाऊक नाही तिच्यासाठी कोणी एकत्र जमत नाही. ज्याला दिसली त्याला दिसली, बाकीच्यांची चुकली. व्हीलचेअरवरच्या आजोबांना किंवा तान्ह्या बाळाच्या आईला अचानक समोर येणाऱ्या फेरीकडे धावत जाता येत नाही, त्यांना ठरलेली वेळ आणि ठरलेली जागाच हवी असते. कॅव्हलकेडमध्ये कथेचा आरंभ आणि शेवटही राहत नाही. ९ मार्च २०२२ रोजी, मूळ प्रारंभाला बरोबर आठ वर्षे पूर्ण होत असताना, पूर्ण परेड परतली हे त्यामुळे योग्यच झाले, आणि छोट्या फेऱ्या तिच्या जोडीला राहाव्यात, तिच्याऐवजी नाही, हाच विवेकाचा मार्ग आहे.

सर्वांसाठी असण्याच्या या गुणाचे मोल अलीकडे वाढले आहे. डिस्नेच्या उद्यानांत १९९९ पासून रांग टाळण्याची विनामूल्य सोय होती. फ्लोरिडात ऑक्टोबर २०२१ पासून तिची जागा पैसे भरून वापरायच्या सेवेने घेतली. त्यामुळे एकाच प्रवेशद्वारातून आलेल्या दोन कुटुंबांचा दिवस खिशातल्या पैशांनुसार वेगळा होऊ लागला. बहुतेक थरारक पाळण्यांना किमान उंचीची अट असते, काही आजारी, वृद्ध व गर्भवती व्यक्तींना वर्ज्य असतात. परेडला उंचीची अट नाही, रांग नाही, वेगळे तिकीट नाही. पण तिथेही ठरावीक उपाहारगृहात जेवण घेणाऱ्यांना राखीव जागा देण्याची पद्धत शिरली आहे, आणि हा बदल कोणत्याही पात्राच्या अदलाबदलीपेक्षा दूरगामी आहे, कारण तो सामाईक रस्त्याचे सशुल्क आणि निःशुल्क असे तुकडे करतो. टोकियो डिस्नेलँडमध्ये, जे १९८३ पासून ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी परवान्यावर चालवते, जमिनीवर चटई अंथरून जागा धरायला परेडच्या एक तास आधीपासूनच मुभा असते आणि पुढच्या ओळींतल्या प्रेक्षकांनी बसून पाहायचे असते, जेणेकरून मागच्यांनाही दिसेल. शिस्तीचा असा साधा नियम जे साधतो ते कोणत्याही नव्या चित्ररथाला साधत नाही.

या चर्चेत सर्वांत कमी बोलले जाते ते परेड ज्यांच्या अंगमेहनतीवर चालते त्यांच्याविषयी. जड मुखवटे, दाट कापडाचे वेश, फ्लोरिडाची दुपार, टणक रस्त्यावर रोजची तीच उडी आणि तीच गिरकी असे हे काम आहे. मे २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील डिस्ने उद्यानांतल्या पात्रकलाकारांनी आणि परेड कलाकारांनी, सुमारे १,७०० जणांच्या गटाने, ॲक्टर्स इक्विटी या रंगकर्मींच्या संघटनेत जाण्याचा कौल ९५३ विरुद्ध २५८ मतांनी दिला. परेडमधला प्रत्येक बदल हा कोणाच्या तरी कामातला बदल असतो: फेरी बंद झाली की कामाचे तास जातात, फेरी वाढली की विश्रांती जाते, नर्तकांच्या जागी पडदा वा यंत्र आले की कलाच जाते. चाहते चित्ररथ मोजतात तितक्याच आस्थेने त्यांनी चालणारी माणसे मोजायला हवीत, कारण मुलाकडे पाहून हात हलवणारा आणि त्याच्या हाकेला वळून दाद देणारा जिवंत माणूस हाच परेडचा प्राण आहे.

परेड ही कंपनीची मालमत्ता आहे, खर्च ती करते, म्हणून निर्णय तिचाच, असा शेवटचा युक्तिवाद उरतो. कायद्याने तो बिनतोड आहे. व्यवस्थापनाच्या दृष्टीनेही परेडची गणिते वेगळी असतात: ती हजारो लोकांना रांगांतून बाहेर काढून रस्त्यावर धरून ठेवते, त्याच वेळी रस्ता अडवून वाहतूक खोळंबवते, आणि तिकिटाच्या पैशांत स्वतःची वेगळी भर कधी दाखवू शकत नाही, म्हणून काटकसरीची कुऱ्हाड तिच्यावर लवकर पडते. मॅजिक किंगडममधली इलेक्ट्रिकल परेड ९ ऑक्टोबर २०१६ रोजी थांबली, त्यानंतर तिथे रोजची रात्रीची परेड यायला २० जुलै २०२५ उजाडला. ‘स्टारलाइट’ या त्या नव्या परेडच्या आरंभी निळी परी आहे, जिने जुन्या इलेक्ट्रिकल परेडचे नेतृत्व केले होते, आणि तिच्यामागे एन्कांटो, कोको, मोआना यांसारख्या नव्या कथा आहेत. या मधल्या जवळजवळ नऊ वर्षांत चाहत्यांनी रात्रीच्या परेडची मागणी सोडली नव्हती. निर्णय कोणत्या कारणाने झाला हे बाहेरून सिद्ध करता येणार नाही. पण नव्या परेडची सुरुवात जुन्या परेडच्या स्मृतीला मान देऊन व्हावी, यात प्रेक्षकांच्या आठवणीची किंमत कंपनीनेही ओळखली आहे हे दिसते. मालकी आणि हक्क या दोन गोष्टी इथे वेगळ्या होतात. परेडवर मालकी कंपनीची आहे; मात्र परेडला अर्थ देणारी वाट पाहण्याची, जमण्याची, लक्षात ठेवण्याची कृती प्रेक्षकांची आहे, आणि ज्यांच्या कृतीवाचून एखादी गोष्ट पूर्णच होत नाही त्यांचे म्हणणे ऐकून घेणे हे उपकाराचे नाही, न्यायाचे आहे.

तेव्हा बदलाची कसोटी लावताना चाहत्यांनी तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. नव्या रचनेत परेड ठरलेल्या वेळी, मोकळ्या रस्त्यावरून, जादा पैसे न भरणाऱ्याला तितकीच पूर्ण दिसणार आहे का? तिच्यात जिवंत कलाकारांची संख्या आणि त्यांच्या कामाची परिस्थिती टिकणार किंवा सुधारणार आहे का? आणि ती आज पहिल्यांदा येणाऱ्या मुलाला त्याच्या ओळखीचे काही देणार आहे का? या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर आवडता चित्ररथ गेल्याचे दुःख मोठ्या मनाने गिळावे. पहिल्या दोहोंपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल तर सगळी आवडती पात्रे जागच्या जागी असली तरी विरोध करावा. महाराष्ट्रातही १९८९ मध्ये गोराईचे एस्सेलवर्ल्ड आणि २०१३ मध्ये खोपोलीजवळचे इमॅजिका उभे राहिल्यापासून उद्यानसंस्कृती रुजली आहे, आणि इथल्या प्रेक्षकांनाही केवळ पाळण्यांच्या उंचीवरून उद्यानाची योग्यता न ठरवता हेच प्रश्न विचारता येतील. पात्रे येतील आणि जातील. ती कोणती असावीत यावर कंपनीला मोकळीक द्यावी. परंतु सर्वांनी एकत्र पाहण्याचा रस्ता अरुंद होऊ लागेल, तिथे चाहत्यांनी गप्प बसू नये.